मार्गळीतलं चेन्नई: कचेरी ऐकायला जाताना

कचेरी म्हटलं की आपल्याला तहसील आठवते. चेन्नईत कचेरी म्हणजे कर्नाटकी संगीताची मैफल. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, तमिळ मार्गळी महिन्यात, या शहरात शेकडो कचेऱ्या होतात. त्या भरवणाऱ्या संस्थांना ‘सभा’ म्हणतात. पहिल्यांदा जाणारा बहुतेक वेळा एकाच संध्याकाळी दोन सभांमधले दोन मोठे गायक गाठायला बघतो. पहिली कचेरी अर्ध्यात सोडतो, रहदारीत अडकतो आणि दुसरीकडे पोचेपर्यंत मुख्य कृती, म्हणजे कचेरीतली सर्वांत महत्त्वाची रचना, संपत आलेली असते. एका संध्याकाळी एकच सभा धरा आणि वर्णमपासून, म्हणजे सुरुवातीच्या रचनेपासून, समारोपाच्या मंगलमपर्यंत जागचे हलू नका.

याचं कारण कचेरीच्या बांधणीत आहे. ख्यालाच्या मैफलीत पहिला रागच तासभर रंगतो. इथे अडीच तासांत सात-आठ रचना होतात आणि खरं वजन मधल्या एका कृतीवर असतं. आलापना म्हणजे रागाचा आलाप, मग कृती, एखाद्या ओळीवर निरवल, म्हणजे तीच ओळ पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या सुरावटींत गाणं, कल्पनास्वर, म्हणजे उत्स्फूर्त सरगम, आणि शेवटी तनि आवर्तनम, म्हणजे मृदंगम आणि त्याच्या जोडीच्या घटम (मातीचा घडा) किंवा खंजिरा (छोटी डफली) यांचं स्वतंत्र वादन. नेमक्या याच वेळी बरेच लोक उठून कॅन्टीनकडे जातात. तुम्ही बसून राहा.

आदि ताल तेवढा हातावर बसवून जा. मांडीवर एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, झाल्या चार मात्रा. पुढे टाळी आणि हात उलटा, पुन्हा टाळी आणि हात उलटा, झाल्या आठ. तनिमध्ये दोघं वादक आळीपाळीने वाजवतात, फेरे लहान लहान होत जातात, मग दोघं एकत्र येतात आणि कोरवै, म्हणजे समारोपाची ठरीव लयरचना, तीनदा वाजवून कृतीची ओळ जिथून उचलली होती त्याच जागेवर उतरतात. ती जागा समेवरच असते असं नाही. हात मोजत असेल तरच त्या उतरण्यातला थरार कळतो.

रागांची नावं मात्र फसवतात. कल्याणी आपल्या यमनच्या जवळची, मोहनम म्हणजे भूप, हिंदोळम म्हणजे मालकंस. पण कर्नाटकी तोडीचे स्वर आपल्या तोडीचे नाहीत, ते भैरवी थाटाचे आहेत. तोडी ऐकायची म्हणून बसाल तर पहिली दहा मिनिटं गोंधळात जातील.

मुक्काम मैलापूर किंवा अळवारपेटला करा. १९२८ साली स्थापन झालेली म्युझिक अकॅडमी आणि नारद गान सभा एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, मैलापुरातल्या सभाही जवळच. कृष्ण गान सभा टी. नगरात, तिकडे जायचं तर वेळ हाताशी ठेवून निघा. सकाळी अकॅडमीत सप्रयोग व्याख्यानं असतात आणि बरीचशी इंग्रजीत असल्याने आपल्याला समजतात. दुपारच्या तरुण कलाकारांच्या कचेऱ्या बहुतेक ठिकाणी विनातिकीट असतात. नव्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी, पुढची जागा मिळते आणि वादकांचे हात दिसतात. जेवणासाठी सभांची कॅन्टीनं आहेत, तिथे तिकीट लागत नाही. पण संध्याकाळच्या कचेरीआधी रांग लागते, तेव्हा तासभर आधी पोचा.

नृत्य बघायचं असेल तर बेत जानेवारीच्या पहिल्या आठवड्याचा आखा, अकॅडमीचा नृत्यमहोत्सव तेव्हा असतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी १९३६ साली स्थापन केलेलं कलाक्षेत्र, ही नृत्य-संगीताची संस्था, तिरुवान्मियूरला आहे. मैलापूरहून तिकडे उंचावरून जाणारी लोकल आहे, तिरुमयिलै स्टेशनवर चढायचं.

कचेरीच्या उत्तरार्धात तुक्कडा, म्हणजे हलक्या रचना, येतात. त्यात पुष्कळदा अभंग असतो. दक्षिणेच्या भजन परंपरेत अभंग कधीचाच रुजलाय, तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं त्या काळापासूनचं हे नातं. तमिळ उच्चारांतला ‘विठ्ठल’ भरल्या सभागृहात ऐकायचा असेल तर मुख्य कृतीनंतर निघून जाऊ नका.

डिसेंबरात तिथे ईशान्य मोसमी पाऊस असू शकतो, छत्री लागेल. परतीचं रेल्वे आरक्षण ते खुलं होईल त्याच दिवशी करा. १४ जानेवारीच्या आसपास पोंगल असतो आणि त्या आठवड्यात चेन्नईहून निघणाऱ्या गाड्यांना जागा मिळत नाही.