आज १८ ऑगस्ट

सकाळी रामकुंडावरून परतताना श्रावणाची भुरभुर होती आणि मनात थोर गायक पं. विष्णु दिगंबर पलुसकर. १८७२ साली आजच्याच दिवशी कुरुंदवाडला जन्म. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले आणि १९०१ मध्ये थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढली! माझी लेक आज वही घेऊन क्लासला जाते, बंदिशीचं नोटेशन उतरवून आणते, ती वाट पाडणाऱ्यांत ते आघाडीवर. पुढे आपल्या पंचवटीत येऊन त्यांनी रामनामाचा आश्रम उभारला. हे नाशिककरांनाच सांगावं लागतं, तेव्हा जीव तुटतो.

गुलजारांचाही जन्म आजचाच, १९३४चा.

घरी येऊन लेकीला भूप राग म्हणायला लावला. तिसऱ्यांदा वरचा सा नेमका लागला.