बडोद्यात अंगणात बांधलेली बारा फुटी होडी: माझा अनुभव

मी बांधलेली होडी म्हणजे ‘ड्रिफ्ट बोट’. सपाट तळाची आणि दोन्ही टोकांना वर उचललेली ही होडी मूळची अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातली, मॅकेन्झी नदीवरची. वल्हवणारा प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतो आणि प्रवाहाविरुद्ध वल्ही मारतो. त्यामुळे होडी पाण्यापेक्षा हळू जाते, आणि तेवढ्यात तिला बाजूला सरकवून खडक चुकवता येतो. तळाला बाक असल्याने ती जागच्या जागी फिरते.

मला ती चालवायची होती बडोद्याजवळच्या चांदोदला. तिथली नर्मदा रुंद आहे, पावसाळा सोडला तर संथही. तिथे जास्त बाक दिला तर होडी सरळ जात नाही, आणि उंच बाजूंवर वारा भरतो. म्हणून नाळेकडे (होडीच्या पुढच्या टोकाकडे) १४ सेंमी आणि मागे ८ सेंमी एवढीच उचल ठेवली. बाजूची उंची मध्यावर ४५ सेंमी, नाळेशी ५८. लांबी ३.६५ मीटर, काठावरची रुंदी १.३५ मीटर. आमचं फाटक १.५ मीटरचं आहे. ते मोजूनच रुंदी ठरवली.

काम जानेवारी ते मार्च या काळात बसवलं. मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर इपॉक्सी (राळ आणि हार्डनर कालवून करायचा, वाळून कडक होणारा चिकट पदार्थ) हाताळता येत नाही आणि जूनच्या मध्यापासून हवेतला दमटपणा आड येतो. गच्चीचा विचार सोडून दिला, कारण उत्तरायणाच्या आधी आणि नंतर आठवडाभर तिथे पतंगच असतात.

प्लाय आयएस ७१० दर्जाचं, म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन प्लाय घेतलं: बाजूंसाठी ६ मिमीचे दोन ८ × ४ चे तावे, तळासाठी ९ मिमीचे दोन. शिक्क्यावर विसंबू नका. ताव्याची कड चारही बाजूंनी पाहा; मधल्या थरात फट दिसली की आतही असणार, आणि तिथे पाणी साठून लाकूड कुजतं. या दर्जाच्या चाचणीत प्लाय ७२ तास उकळतात. घरी मी तुकडा चार तास उकळला, वाळवला, पुन्हा चार तास उकळला. थर सुटले नाहीत, तेव्हाच तावे घरी आणले.

आधी पुठ्ठ्याचा १:१० नमुना करा. या होडीचा बाकदारपणा सपाट पाटांच्या कापातच असतो. बाजूच्या पाटाची खालची कड जशी कापली, तसा तळ वर उचलला जातो. नंतर दाबून किंवा ओढून तो बदलत नाही. नमुन्यात एक मिलिमीटर चुकला तर होडीत एक सेंटिमीटर चुकतो, म्हणून पुठ्ठाही धारदार कटरनेच कापावा.

आठ फुटांच्या ताव्यातून बारा फुटी पाट निघत नाही, सांधा द्यावाच लागतो. उतरता सांधा जाडीच्या आठपट लांब हवा: ६ मिमीला ४८, मी ५० धरले, ९ मिमीला ७५. दोन्ही तावे पायरीसारखे एकावर एक ठेवून रंध्याने एकच उतार काढायचा. प्लायच्या थरांच्या रेषा इथे मापाचं काम करतात. पट्टे सरळ आणि समांतर दिसले की उतार बरोबर. रेषा नागमोडी झाली तर तिथे खड्डा आहे. मग दोन्ही उतारांना आधी पातळ इपॉक्सी पाजायचं. ते लाकडात जिरलं की घट्ट केलेलं लावायचं. माझा पहिला चाचणी-सांधा इथेच फसला: शिकंजे (क्लॅम्प) करकचून आवळले, सगळं इपॉक्सी बाहेर आलं आणि सांधा कोरडा राहिला. पाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी वाकवून मोडली, तेव्हा ती बरोबर सांध्यावर उघडली. दुसऱ्या वेळी शिकंज्यांऐवजी फळी आणि वर दोन विटा ठेवल्या. मोडताना लाकूड मोडलं, सांधा टिकला. ही चाचणी झाल्याशिवाय मोठे तावे जोडू नयेत.

आखणीसाठी दर ३० सेंमीवर खुणा करून खिळे ठोकले आणि त्यांना सरळ रेषांच्या पाइनची चार मीटरची लवचीक पट्टी टेकवली. वळण टोकाकडून, डोळा पट्टीच्या पातळीवर आणून पाहायचं. फुगवटा असेल तिथला खिळा हलवायचा, मग आकडा काहीही असो. दोन्ही बाजू एकत्र बांधून एकदमच कापल्या आणि रंधल्या. त्यांत फरक राहिला तर होडी पिळते.

इपॉक्सी लावेपर्यंत पाट एकमेकांना तारेने शिवून ठेवायचे. त्यासाठी १८ गेजची तांब्याची तार, मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून. भोक २ मिमी, कडेपासून १० मिमी आत, दर १५ सेंमीवर; नाळेजवळ ताण जास्त, तिथे ७ सेंमीवर. मध्ये तात्पुरती चौकट बसवली, म्हणजे बाजूंचा बाहेरचा कल ठरतो. तार सैलच पिळा, आणि इपॉक्सी लावण्याआधी दोन गोष्टी तपासा. नाळेच्या टोकापासून मागच्या दोन्ही कोपऱ्यांची अंतरं सारखी हवीत. पुढे आणि मागे काठांवर आडव्या ठेवलेल्या दोन सरळ पट्ट्या एकामागे एक पाहिल्यावर समांतर दिसायला हव्यात. माझ्या होडीत मागचा उजवा कोपरा ९ मिमी वर होता. तार सैल करून, खाली पाचर देऊन तो अर्ध्या तासात बसवला. इपॉक्सी वाळल्यावर हेच काम करवतीने करावं लागलं असतं.

इपॉक्सी वजनी काट्यावर मोजा. हार्डनर जास्त घातल्याने ते लवकर वाळत नाही, कायमचं मऊ राहतं. एका वेळी १५० ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. पेल्यात तसंच ठेवलं तर स्वतःच्या उष्णतेने तापून धूर सोडतं. आतल्या कोपऱ्यांतली भर देण्यासाठी त्यात बारीक भुसा आणि सिलिका पावडर घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलं, चमच्यावरून गळणार नाही असं. आधी तारांच्या मधल्या जागा भरल्या, दुसऱ्या दिवशी तारा काढल्या, मग सलग २५ मिमी त्रिज्येची भर दिली आणि ती ओली असतानाच वर ७५ मिमी रुंद काचतंतूंची पट्टी बसवली. बाहेरून पूर्ण तळाला आणि बाजूंना दर चौरस मीटर २०० ग्रॅमचं काचकापड. एकूण इपॉक्सी साधारण १० किलो लागलं.

लेप दुपारी चारनंतर द्या. सकाळी ऊन चढत असताना लाकडातली हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि लेपावर बुडबुडे उठतात. संध्याकाळी तापमान उतरतं, तेव्हा लाकूड लेप आत ओढून घेतं. सकाळी वर मेणचट थर दिसला तर आधी पाण्याने धुवा, मग पॉलिश पेपर मारा. न धुता घासलं तर तो थर पसरतो आणि पुढचा लेप धरत नाही. हातमोजे आणि मास्क शेवटपर्यंत. त्वचेला इपॉक्सीची ॲलर्जी एकदा सुरू झाली की जात नाही.

काठाला आतून आणि बाहेरून सागाची ४५ × २० मिमी पट्टी लावली. वल्ही २.४ मीटरची. इपॉक्सी उन्हाने खराब होतं, म्हणून वर पॉलीयुरेथेन रंगाचे तीन हात.

पुढे आणि मागे हवाबंद कप्पे केले, ९० आणि ६० लिटरचे. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात सहलीची बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बडोद्यात होडी बांधणाऱ्याने कप्पे आणि लाइफ जॅकेट यांत काटकसर करूच नये. होडी उन्हात उभी असताना कप्प्यांची झाकणं उघडी ठेवा, नाहीतर आत तापलेली हवा सांधे फोडते.

विश्वामित्रीत मगरी आहेत, तिथे चाचणी घेऊ नका. चांदोदला सरदार सरोवरातून सोडलेल्या पाण्याने पातळी बदलते. घाटावरच्या नावाड्यांना विचारूनच पाण्यात उतरा. होडीचं वजन ७० किलो भरलं, दोन माणसं आणि सामान १६० किलो. तळाचा टेकणारा भाग २ चौरस मीटर धरला, तर एक सेंटिमीटर बुडताना २० किलो पेलले जातात, म्हणजे साडेअकरा सेंमी. प्रत्यक्षात मध्यावर १३ भरली, कारण बाकामुळे टोकं पाण्याबाहेर राहतात. तासाभराने आत वाटीभर पाणी होतं. तळाच्या एका स्क्रूच्या भोकात इपॉक्सी पाजायचं राहिलं होतं. स्क्रू काढून भोक दोन दिवस वाळवलं, रुंद केलं, घट्ट इपॉक्सीने भरलं आणि त्यातच नवं भोक पाडलं.