मांजराच्या गच्चीवर लागलेले बोर्ड

आमच्या गेममध्ये एक मांजर गच्च्यांवरून पळतं. बोट टेकवलं की उडी, धरून ठेवलं की लांब उडी, संपला गेम शिकून. चित्रं धाकट्या भावाची, कोड माझा. गेम फुकट आहे आणि फुकट गेमचं पोट जाहिरातींवर चालतं, म्हणून मांजर तीनदा पडलं की पूर्ण स्क्रीनची एक जाहिरात यायची. पाच सेकंद थांबा, मग कोपऱ्यातली बारीक फुली शोधा. त्यावर आलेला एक रिव्ह्यू मला पाठ आहे: "मांजर गोड आहे. जाहिरात संपेपर्यंत चहा होतो. काढून टाकलं." स्टार एक.

भाऊ म्हणाला, "ताई, गच्च्यांवर खऱ्या जगात बोर्ड असतातच की. तिथेच जाहिराती लावू. खेळ थांबणारच नाही."

मला ते इतकं सरळ वाटलं की मी आठवडाभरात होईल असं त्याला सांगून बसले. चार महिने लागले.

गेमच्या आत ब्रँड दोन तऱ्हांनी येतो. एक म्हणजे चित्रातच भाजलेला, कायमचा. १९९२ च्या 'झूल' या गेममध्ये चुपा चुप्सचे लोगो होते. आजही कुणी तो जुना गेम लावला तर ते जिथल्या तिथे दिसतात. दुसरी तऱ्हा म्हणजे गेममध्ये नुसती चौकट ठेवायची आणि त्यात कुठली जाहिरात दिसणार ते सर्व्हरने आयत्या वेळी ठरवायचं. आम्हाला दुसरी हवी होती. अशा चौकटी भरून देणाऱ्या एका नेटवर्ककडे अर्ज केला. त्यांच्या माणसाने फोनवर छान समजावलं: या बोर्डांवर कुणी क्लिक करायचं नसतं, रस्त्यावरच्या होर्डिंगसारखं ते फक्त दिसायचं असतं. क्लिक नाही, त्यामुळे खेळणाऱ्याचा माग काढायची गरजही कमी. २०२१ मध्ये आयफोनवर ॲपने माग काढण्याआधी परवानगी विचारणं सक्तीचं झालं, तेव्हापासून या प्रकाराला बरे दिवस आलेत, असं त्याचं म्हणणं.

पहिली अडचण अगदीच घरगुती निघाली. ॲप-ॲड्स डॉट टीएक्सटी नावाची एक साधी मजकुराची फाइल लागते. या ॲपमधली जागा विकायचा हक्क कोणाकोणाला आहे, याची ती यादी. कुणी तिसराच आमच्या गेमच्या नावाने जागा विकू नये म्हणून ही सोय. स्टोअरवर डेव्हलपरची म्हणून जी वेबसाइट दिलेली असते, तिच्या मुळाशीच, म्हणजे कुठल्याही फोल्डरच्या बाहेर, ती फाइल हवी. आम्ही तिथे वेबसाइट म्हणून सोशल मीडियाचं पान दिलं होतं! त्याच्या मुळाशी आम्ही काय ठेवणार? मग डोमेन घेतलं, एका पानाची साइट केली, फाइल चढवली. दहा दिवस 'सापडली नाही' एवढाच शेरा. शेवटी दिसलं की मी ती 'फाइल्स' नावाच्या फोल्डरमध्ये नीट ठेवली होती. नीटनेटकेपणाची सवय नडली.

आता खरं काम. बोर्ड कुठे लावायचा?

भावाने सगळ्यात सुंदर जागा काढली. दूर मागे, मावळतीच्या आकाशाला टेकलेल्या इमारतीवर. चित्रात तो बोर्ड असा बसला की मलाही आधी दिसला नाही. आम्ही दोघं खूश. दोन आठवड्यांनी आकडे आले: बोर्ड भरला गेला भरपूर वेळा, मोजला गेला जवळजवळ शून्य वेळा. इतक्या दूरचा बोर्ड फोनच्या स्क्रीनवर नखाएवढा होत होता आणि ठरावीक आकाराखालचं दिसणं ते धरतच नाहीत. बरोबरच आहे म्हणा. जो मलाच दिसला नाही, त्याचे पैसे कोण देईल?

म्हणून पुढे आणला, मांजर पळतं त्याच गच्चीवर. इथे मला तो हिशेब कळला जो मी आजही लोकांना चहा पिताना सांगते. दिसणं मोजायचा नियम असा: बोर्डाचा निदान निम्मा भाग, सलग निदान एक सेकंद. (गेममधल्या जाहिरातींसाठी २००९ च्या नियमांत एकूण दहा सेकंद लागायचे. २०२२ मध्ये नवे नियम आले आणि ते एकावर आलं.) एक सेकंद म्हणजे काहीच नाही, असं मला वाटलं. मग वही घेतली. आमच्या कॅमेऱ्यात १८ युनिट रुंदी मावते. सुरुवातीला मांजराचा वेग सेकंदाला १२ युनिट. बोर्डाचा मध्य स्क्रीनमध्ये आहे तोवर निम्मा बोर्ड दिसतोच, म्हणजे १८ भागिले १२, दीड सेकंद. पास. पण आमचा गेम हळूहळू वेग घेतो, त्यातच त्याची मजा आहे. दीड मिनिट टिकलात की वेग २० वर जातो. १८ भागिले २०. शून्य पूर्णांक नऊ. नापास.

म्हणजे जो पोरगा आमच्या गेममध्ये तरबेज झाला, तासन् तास खेळतो, मित्रांना दाखवतो, तो जाहिरातीच्या वहीत जवळपास नाहीच. आणि जो दर वीस सेकंदांनी आपटतो, तो आमचा अन्नदाता. हे पाहिल्यावर माझ्या मनात आलेला पहिला विचार मी कबूल करते: वेग १७ वरच थांबवला तर? १८ भागिले १७, एक सेकंदाच्या जरासं वर. एक ओळ बदलायची होती. मी ती बदलली, भावाला न सांगता चाचणीची आवृत्ती त्याच्या फोनवर टाकली. त्याने तीन डाव खेळून फोन खाली ठेवला. "हे मांजर आजारी आहे का?"

ओळ परत २० केली.

पळताना कुणी भिंतीकडे बघतच नाही, हेही त्याच सुमारास लक्षात आलं. भाच्याला खेळायला दिला आणि नंतर विचारलं, बोर्डावर काय होतं? "कुठला बोर्ड?" त्याचे डोळे पुढच्या कठड्यावर खिळलेले. यंत्राच्या लेखी त्याने सात जाहिराती पाहिल्या होत्या. नियम पाळून, एकही खोटं न बोलता, सात. आम्ही विकत होतो ते नेमकं काय, असं वाटून मला जरा कसंसं झालं.

मग जागा शोधायची पद्धतच उलटी केली. गच्ची रिकामी कुठे आहे हे सोडून, डोळे रिकामे कुठे आहेत ते बघायला लागलो. डाव सुरू व्हायच्या आधी मांजर अंग ताणतं, जांभई देतं, शेपटी झटकतं. भावाने ते ॲनिमेशन तीन सेकंदांचं केलंय आणि ते लोक खरोखर बघतात. तिथे मांजरामागे एक बोर्ड लावला. दुसरा, दोन टप्प्यांमधल्या शिडीवर, जिथे मांजर सावकाश चढतं आणि खेळणाऱ्याला करायला काही नसतं. पळण्याच्या वाटेवरचे सगळे काढले. पाच बोर्डांचे दोन झाले आणि मोजले गेलेले दिसणे वाढले.

तांत्रिक खोड्या सगळ्या सांगत बसत नाही, पण एक सांगायलाच हवी. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. त्यात मध्येच जाहिरातीचं चित्र उलगडून मेमरीत टाकायचं, तर १०२४ बाय १०२४ चं न दाबलेलं चित्र चार एमबी होतं. जुन्या फोनवर गेम तेवढ्यापुरता अडखळायचा, आणि अडखळायचा तो नेमका उडीच्या वेळी. मांजर खाली, शिव्या आम्हाला. आता सगळी चित्रं जांभईच्या आधीच उतरवून घेतो.

रंगांची भानगड भावाच्या वाट्याला आली. आमच्या गेममध्ये संध्याकाळ असते, सगळ्यावर नारिंगी-जांभळी छटा. बोर्डावरही ती पडली आणि लगेच मेल: ब्रँडचा रंग बदलून दिसतोय, चालणार नाही. बोर्डाला गेमच्या उजेडातून वगळलं, तर तो अंधाऱ्या गच्चीवर ट्यूबलाइटसारखा चमकायला लागला. दोन दिवस भाऊ माझ्याशी बोलला नाही. मग त्याने बोर्डाच्या वर दोन दिवे काढले, त्यांच्या उजेडाचे कोन काढले, आणि तो चमकणारा बोर्ड दिव्यांमुळे चमकतोय असं वाटायला लागलं. ही युक्ती मला कधीच सुचली नसती.

बोर्ड नेहमी भरलेला नसतो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. त्या वेळी जाहिरात मिळाली नाही की करडी पाटी. तिथे भावाने आमचीच चित्रं टाकली: 'मांजर हरवले आहे' अशी पत्रकं, खाली फोटोत आमचंच मांजर, प्रत्येक वेळी वेगळ्या पोजमध्ये. खेळणारे आम्हाला लिहून विचारतात ते याच पत्रकांबद्दल. कुठल्याही ब्रँडबद्दल अजून कुणी विचारलेलं नाही.

मुलांचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. स्टोअरच्या अर्जात आम्ही वयोगट १३ च्या पुढचा लिहिला होता. उत्तर आलं की चित्रं लहान मुलांना ओढून घेणारी आहेत, पुन्हा विचार करा. कार्टून मांजर, बरोबरच होतं त्यांचं. तेराखालच्यांसाठी नियम कडक: माहिती गोळा करणं जवळपास बंद, जाहिरातीचे ठरावीकच सॉफ्टवेअर वापरायचे, दारू-जुगार वगैरे अर्थातच नाही. नेटवर्कच्या पानावर जाऊन एकेक प्रकार बंद करताना एक दुपार गेली. शिवाय मी प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात 'जाहिरात' असा शब्द टाकला. भाऊ वैतागला. "मग बोर्ड गेममध्ये मिसळला कुठे?" माझं म्हणणं, मोठ्या माणसाला व्हिडिओ मध्येच आला की ही जाहिरात आहे हे कळतं. आठ वर्षांच्या पोराला गच्चीवरचा बोर्ड म्हणजे गच्चीच. यावर आमचं अजूनही एकमत नाही, पण कोड माझ्या हातात आहे.

आणि मग एका एजन्सीचा फोन आला. दुधाचं बाटलीबंद पेय. मांजर गेममध्ये दुधाच्या वाट्या गोळा करतं, त्याऐवजी आमची बाटली ठेवाल का, सहा आठवडे? म्हणजे आता पहिली तऱ्हा, चित्रात भाजलेली. पैसे बोर्डांच्या कितीतरी पट होते, त्यामुळे आम्ही विचार करायचं नाटक दोनच दिवस केलं.

अटींची यादी आली. बाटली आडवी पडलेली नको. फुटायला नको. कावळ्याने पळवायला नको (आमच्याकडे कावळा वाट्या पळवतो, तो सहा आठवडे उपाशी राहिला). पाण्याच्या टाक्या निळ्या नकोत, कारण निळा रंग त्यांच्या स्पर्धकाचा. आणि शेवटची अट: बाटली घेतल्यावर लगेच मांजर पडायला नको.

ती वाचून भावाने मला एक जुनी गोष्ट ऐकवली. १९८३ मध्ये कोका-कोलाने अटारीकडून स्वतःच्या लोकांसाठी एक गेम करून घेतला होता. 'पेप्सी इन्व्हेडर्स' म्हणून तो ओळखला जातो. परग्रहवासीयांच्या जागी पी, ई, पी, एस, आय अशी अक्षरं, ती गोळ्या घालून पाडायची. प्रती काढल्या १२५. आणि खेळणारा त्यात हरूच शकत नाही. कितीही वेळा मरा, तीन मिनिटं झाली की गेम संपतो. "बघ," भाऊ म्हणाला, "तेव्हापासून हेच चाललंय."

आम्ही मधला मार्ग काढला. बाटली घेतल्यावर दीड सेकंद मांजर पडतच नाही, कठड्याला धडकलं तरी घरंगळत पुढे जातं. खेळणाऱ्यांनी ती खास शक्ती समजून तिचा पुरेपूर फायदा घेतला. बाटलीच्या मागे लागून लोक मुद्दाम अवघड उड्या मारायला लागले. एजन्सी खूश. मला गेम थोडा सोपा झाल्याचं वाईट वाटलं, पण त्या महिन्याचा हिशेब बघून ते लवकर ओसरलं.

सहा आठवडे संपले, नवी आवृत्ती काढली, वाट्या परत आल्या, टाक्या निळ्या झाल्या, कावळा कामाला लागला. पंधरा दिवसांनी एजन्सीचा मेल. मोहीम संपली आहे, पण बाटली अजून दिसते आहे, कृपया काढावी. सोबत कुणाच्या तरी फोनचा स्क्रीनशॉट. मी कळवलं की सर्व्हरवरची जाहिरात मी एका मिनिटात बंद करू शकते, पण ही बाटली गेमच्या आत आहे आणि ज्यांनी गेम अपडेट केलेला नाही त्यांच्या फोनमध्ये मी हात घालू शकत नाही. आणखी दोन मेल झाले. मग त्यांनी विचारलं, निदान किती फोनमध्ये आहे ते सांगा. मी बघितलं आणि आकडा कळवला.

गेल्या आठवड्यात पुन्हा बघितला. कमी झालाय, पण शून्य नाही. भाऊ म्हणतो, या जास्तीच्या दिवसांचं बिल पाठवू या का?