मेस्सीचा स्टिकर आणि पाठीवरचा ‘२’

१८ डिसेंबर २०२२. लुसेलमधला वर्ल्ड कपचा अंतिम सामना ३-३ असा सुटला, पेनल्टीवर अर्जेंटिनानं ४-२ नं मारला, मेस्सीनं करंडक उचलला आणि दुसऱ्या मिनिटाला दादाचा फोन आला. अभिनंदन नाही, काही नाही. थेट प्रश्न, “तो डबल कुठंय रे?”

डबल म्हणजे काय हे मला लगेच कळलं. २००६ च्या वर्ल्ड कपला काकांनी आम्हा दोघांत मिळून पानिनी या इटालियन कंपनीचा एक स्टिकर-अल्बम आणि मूठभर पाकिटं आणून दिली होती. त्यात मेस्सीचा १८५ नंबरचा स्टिकर आम्हाला दोनदा निघाला. एक रीतसर अल्बममध्ये चिकटला. दुसरा अदलाबदलीसाठी बाजूला ठेवला. डबल ओळखू यावेत म्हणून दादानं सगळ्या डबलांच्या पाठीवर पेन्सिलनं ‘२’ लिहून ठेवलं होतं. मेस्सीच्या बदल्यात आम्हाला काय हवं होतं ते आठवत नाही, पण ते मिळालं नाही, आणि स्टिकर आमच्याकडेच राहिला.

सापडला. जुन्या वहीत, पुठ्ठ्याच्या आत, इतर चाळीसेक डबलांबरोबर. मग पुढचे आठ-नऊ महिने मी ज्या भानगडीत पडलो, तिचा हा हिशेब.

पहिल्याच आठवड्यात मी स्वतःचं हसं करून घेतलं. सगळे डबल टेबलावर मांडले आणि मला मोलाचे वाटले ते वेगळे काढले. सर्वांत वर संघांची चकचकीत बोधचिन्हं, कारण लहानपणी त्यांच्यासाठीच मारामाऱ्या व्हायच्या. त्याखाली इटलीचा गोलरक्षक बुफाँ आणि बचावपटू कान्नावारो. माझा तर्क साधा होता: तो वर्ल्ड कप इटलीनं जिंकला, बुफाँनं अख्ख्या स्पर्धेत दोनच गोल खाल्ले, त्यातला एक स्वतःच्याच संघातल्या झाकार्दोच्या पायाला लागून गेलेला आणि दुसरा झिदानची पेनल्टी. कान्नावारो तर त्या वर्षीचा बॅलन डी’ओर विजेता, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळाडू. यांना मागणी नसेल तर कुणाला?

तर, यांना फारशी नाही. जुन्या लिलावांचे विकले गेलेले भाव बघत बसलो (मागितलेले भाव नव्हे, मागायला कुणी काहीही मागतं) तेव्हा लक्षात आलं की संग्राहकांची दुनिया गोल करणाऱ्यांवर आणि करवणाऱ्यांवर चालते. गोलरक्षक आणि बचावपटू कितीही थोर असोत, त्यांच्यामागे धावणारी माणसं मोजकी. दिग्गज गोलरक्षकापेक्षा अजून काहीही न जिंकलेल्या अठरा वर्षांच्या विंगरला जास्त गिऱ्हाइकं असतात. अन्याय आहे, पण मैदानावर तरी वेगळं काय होतं? चकचकीत बोधचिन्हांचं तर नावच नको. संघाच्या चिन्हाला कारकीर्द नसते. ते पुढं जाऊन काही करून दाखवणार नसतं.

पण मेस्सी म्हटल्यावर प्रत्येक मेस्सी सोनं, असंही नाही. त्याची हजारो कार्डं आहेत. मग कुठलं हवं? इथं मी ‘रुकी कार्ड’ या शब्दावर येऊन आदळलो. खेळाडूचं पहिलं कार्ड, म्हणजे अजून त्याचं नाव झालेलं नसताना छापलेलं. अमेरिकी खेळांत हे बरंच सरळ आहे: एक मोठी लीग, ठरलेले संच. फुटबॉलमध्ये देश तितक्या लीग, लीग तितके छापणारे, वर क्लब वेगळा आणि राष्ट्रीय संघ वेगळा. नॉर्वेच्या हालांडचंच बघा. २०१९-२० च्या मोसमात तो साल्झबुर्गच्या शर्टात टॉप्स कंपनीच्या चॅम्पियन्स लीगच्या ‘टॉप्स क्रोम’ संचात आला आणि जानेवारीत डॉर्टमुंडला गेल्यावर बुंडेसलीगाच्या संचातही आला. पहिलं कुठलं? दोन माणसांना विचारलं तर तीन उत्तरं मिळतात.

मेस्सीच्या बाबतीत मात्र बहुतेकांचं एकमत आहे. स्पेनमधला पानिनीचा २००४-०५ चा मेगाक्रॅक्स संच, कार्ड नंबर ७१. बार्सिलोनासाठी तो ऑक्टोबर २००४ मध्ये पहिला अधिकृत सामना खेळला, एस्पान्योलविरुद्ध, आणि त्याच मोसमातलं हे कार्ड. म्हणजे माझा २००६ चा स्टिकर रुकी नव्हेच. तो त्याचा पहिला वर्ल्ड कप स्टिकर. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, “पहिला आहे ना? झालं तर.” त्याचं अगदीच चुकत नव्हतं. वर्ल्ड कपचे स्टिकर ही स्वतःच एक परंपरा आहे. मोदेनाच्या पानिनीनं १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपपासून ती चालवली आहे, आणि वर्ल्ड कपमधलं पहिलं दर्शन हवं असणाऱ्यांचा एक वेगळाच गट आहे. रुकीच्या खालची पायरी, पण पायरी आहे.

स्टिकरचं एक गणित मला फार आवडलं. कार्ड जपायला छापतात, स्टिकर चिकटवायला. चिकटवला की त्याचं काम झालं आणि संग्राहकाच्या दृष्टीनं तो जवळपास संपला. म्हणून जुना न चिकटवलेला स्टिकर शिल्लक राहायला काहीतरी बिनसावं लागतं: पोराचा अल्बम हरवतो, रस संपतो, किंवा डबल निघतो आणि कुणी अदलाबदल करत नाही. मॅराडोनाचा सर्वांत मागणी असलेला स्टिकर असाच आहे. पानिनीच्या इटालियन ‘काल्चातोरी’ अल्बममधला, १९७९-८० चा, नंबर ३१२. तेव्हा मॅराडोना अर्जेंटिनोस ज्युनियर्सकडून खेळत होता. नापोलीला तो १९८४ मध्ये आला. त्या वेळी अल्बम भरणाऱ्या इटालियन पोरांना हा परदेशी पोरगा कोण याचं काय पडलं होतं? चिकटवला आणि पान उलटलं. पेलेचंही तेच. १९५८ च्या वर्ल्ड कपचं स्वीडनमधलं अलिफाबोलागेट कंपनीचं कार्ड, नंबर ६३५. सतरा वर्षांचा पेले. २०२२ मध्ये त्याची एक चांगल्या स्थितीतली प्रत लिलावात १३ लाख डॉलरहून जास्त भावाला गेली. ही दुर्मीळता कुणी ठरवून केलेली नाही. ती हरवून, फाडून, चिकटवून, वापरून झालेली आहे.

आजकालची दुर्मीळता कारखान्यातूनच येते. त्याच चित्राची साधी प्रत अमाप, मग रंगीत किनारीच्या प्रती मोजून: सोनेरी ५०, नारिंगी २५, आणि एकमेव प्रत असलेलं ‘सुपरफ्रॅक्टर’. कार्डावर ७/५० असा क्रमांकच छापतात. त्यातही गंमत अशी की खेळाडूच्या जर्सीचा नंबर आणि कार्डाचा क्रमांक जुळला, म्हणजे मेस्सीचं १०/५०, तर त्याला जास्त मागणी. सही असलेल्या कार्डांत खेळाडूनं कार्डावरच सही केली असेल तर उत्तम. पारदर्शक पट्टीवर सही घेऊन नंतर ती चिकटवलेली असेल तर नाकं मुरडतात. जर्सीचा तुकडा असलेलं कार्ड घेताना मागची बारीक अक्षरं वाचायची सवय मला आता लागली आहे. तिथं बरेचदा लिहिलेलं असतं की हे कापड कुठल्याही ठरावीक सामन्यातलं नाही. मग नुसतं कापडच की.

असो. स्टिकर ग्रेडिंगला पाठवायचं ठरलं. ग्रेडिंग म्हणजे कंपनी कार्ड खरं आहे का ते तपासते, १ ते १० मध्ये दर्जा देते आणि कडक प्लास्टिकमध्ये सीलबंद करून परत पाठवते. त्या डबीला सगळे स्लॅब म्हणतात. एकाच स्टिकरसाठी एवढा खटाटोप करायचा तर सोबत आणखी एक असावं, म्हणून मी २०१४ च्या पानिनी प्रिझम वर्ल्ड कप संचातलं मेस्सीचं साधं कार्ड ऑनलाइन विकत घेतलं. फोटोत कोपरे असे धारदार दिसत होते की बोट कापेल. इथंच शंका यायला हवी होती.

तपासणी मी टेबल-लॅम्पखाली केली. चार गोष्टी बघतात: सेंटरिंग, कोपरे, कडा आणि पृष्ठभाग. सेंटरिंग म्हणजे चित्राच्या दोन्ही बाजूंची पांढरी किनार सारखी आहे का. डावी-उजवी साधारण ५५/४५ च्या आत हवी तर दहाची आशा धरायची. माझ्या स्टिकरची ६५/३५ च्या आसपास होती; छापखान्यात कागद कापतानाच सरकलेली. त्याला आपण काय करणार? पृष्ठभागासाठी कार्ड तिरकं धरून दिव्याखाली फिरवायचं, मग सरळ बघताना न दिसणारे ओरखडे आणि बोटांचे ठसे उठून येतात. हे एकदा शिकलं की कुठलीही गुळगुळीत वस्तू शांतपणे बघता येत नाही.

आणि पाठीवरचा तो ‘२’. हलक्या हाताची पेन्सिल, सतरा वर्षांपूर्वीची. मी खोडरबर हातात घेतला होता. सुदैवानं आधी वाचलं: खोडलं तर कागद घासला जातो, भिंगाखाली ते दिसतं आणि मग तो फेरफार ठरू शकतो. खूण असलेलं कार्ड मात्र नुसतं खूण असलेलं कार्ड असतं. दादाला फोन केला. “हात लावू नकोस,” तो म्हणाला. मी म्हटलं, तुझ्याच अक्षरानं घाण केलीय. तो गप्प राहिला.

फॉर्म भरणं कंटाळवाणं होतं. वर्ष, संच, नंबर, खेळाडू, आणि तुमच्या मते किंमत किती. किमतीवर फी ठरते. खुणेबद्दल दोन पर्याय होते: दर्जा ‘खूण आहे’ अशा शेऱ्यासकट घ्या, किंवा शेरा नको असेल तर दर्जा साधारण दोनानं खाली येईल. मी शेरा घेतला. पॅकिंग म्हणजे आधी मऊ प्लास्टिकची पिशवी, मग अर्धवट लवचिक पाकीट, मग दोन पुठ्ठ्यांमध्ये घट्ट पण दाबून नाही. टॉपलोडर म्हणजे कडक प्लास्टिकचं पाकीट नको, कारण त्यातून काढताना कोपरा लागू शकतो.

मग वाट बघणं. स्थिती दाखवणारं पान मी दिवसातून किती वेळा उघडलं ते सांगत नाही. ‘पोचलं’ वर तीन आठवडे अडकलं होतं. मग ‘ओळख’, मग ‘ग्रेडिंग’, आणि तिथून पुढं दोन दिवसांत सगळं उरकलं.

प्रिझमच्या कार्डाला आकडाच मिळाला नाही. कडा कापलेली असल्याचा पुरावा, एवढंच. कुणीतरी बोथट कोपरे घालवायला बाजूनं बारीकशी पट्टी कापून टाकली होती. कार्ड परत आल्यावर त्याच संचातल्या दुसऱ्या कार्डावर ठेवून बघितलं: अर्धा मिलिमीटर कमी. बोटाला कळतही नाही, पण दोन्ही शेजारी उभी केली की दिसतं. विक्रेत्याला लिहिलं, त्यानं उत्तर दिलं नाही. फी गेली ती गेलीच. आता मी न ग्रेड केलेलं कार्ड घेताना आधी मोजमापाचा फोटो मागतो, आणि जो द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेत नाही.

स्टिकरला आठ मिळाले. सोबत खुणेचा शेरा. सेंटरिंग बघता मला सातच वाटत होते. बाजारात शेरा असलेल्या आठाला बिनशेऱ्याच्या आठाइतकं कुणी विचारत नाही, हे मला माहीत आहे. एका ओळखीच्या संग्राहकानं तर बघून “वाईट वाटलं” असं म्हटलं, जणू घरात कुणी आजारी आहे.

दादा घरी आला तेव्हा स्लॅब त्याच्या हातात दिला. त्यानं पुढून पाहिला. विशीही न गाठलेला मेस्सी, लांब केसांचा. मग उलटा केला आणि बराच वेळ पाठ बघत राहिला. प्लास्टिकमधून ‘२’ अगदी स्वच्छ दिसत होता.

“हा माझा नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“मी ‘२’ ला शेपूट काढत नाही. हा तुझा आहे.”

मी स्लॅब घेतला आणि दिव्याखाली धरला. शेपूट होतं.