दिल्ली–बागडोगरा : खिडकी डावीकडचीच घ्या

चार वर्षांपूर्वी दार्जिलिंगला निघालो (त्यासाठी विमानाने बागडोगऱ्याला उतरायचं) तेव्हा खिडकी मिळाली एवढ्यावरच खूश होतो. सीट १४ एफ, म्हणजे उजवीकडची. दोन तास विमानाचा पंख बघितला, डोळ्यांवर ऊन घेतलं आणि पंखाच्या मागून मधूनच बिहारची सपाट शेतं पाहिली. उतरायच्या अर्धा तास आधी पलीकडच्या रांगेतली मंडळी एकदम खिडक्यांना चिकटली. "एव्हरेस्ट!" मी पट्टा सोडून उठेपर्यंत बसायची सूचना झाली.

यंदा नोव्हेंबरात आईला घेऊन गेलो आणि तिकीट काढतानाच ७ ए साठी जादा पैसे मोजले.

हिशेब सोपा आहे. दिल्लीहून विमान पूर्वेला जातं, म्हणजे हिमालय सगळा वाटभर डाव्या हाताला. सकाळचं विमान असेल तर सूर्य उजवीकडे, त्यामुळे आपल्या खिडकीत झळ नाही आणि शिखरांवर मात्र ऊन. या मार्गावर बहुतेक एकेका बाजूला तीन सीटची विमानं असतात. त्यांत ए म्हणजे डावी खिडकी. साधारण दहा ते वीस या रांगा पंखावर येतात, त्या टाळा. पंखाच्या मागेही चालेल, पण इंजिनाच्या गरम हवेने तिथून चित्र थरथरतं. म्हणून शक्यतो पुढेच. काही रांगांना नावाची खिडकी असते आणि शेजारी नुसती भिंत, तेव्हा सीटचा नकाशा नीट बघून घ्या. मुंबईहून थेट बागडोगरा घेतलंत तर वेळ वाचतो, पण विमान नैर्ऋत्येकडून येतं आणि डोंगर शेवटपर्यंत समोरच राहतात. पहाडांसाठी दिल्लीमार्गेच जा.

बसल्या बसल्या पाहिलं तर काचेवर कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा गोल डाग. रुमालाने पुसला. उंचीवर गेल्यावर मधल्या काचेच्या बारीक भोकाभोवती बर्फाची नक्षी जमली, ती मात्र पुसता येत नाही. तिच्या बाजूने बघायचं.

आणि बघायचं समोर, खाली नाही. पहिल्यांदा जाणारे इथेच चुकतात. विमान साधारण ३५,००० फुटांवर, एव्हरेस्ट ८,८४८ मीटर म्हणजे २९,००० फूट. शिवाय अंतर शंभर किलोमीटरहून जास्त. त्यामुळे शिखरं क्षितिजाच्या रेषेवरच उभी दिसतात. आईसुद्धा "ढग आहेत रे" म्हणत होती. ढगांचा आकार दोन मिनिटांत बदलतो, शिखरं जागची हलत नाहीत आणि त्यांच्या घड्यांत निळसर सावल्या असतात.

निम्मा प्रवास झाल्यावर झोपू नका. आधी धौलागिरी आणि अन्नपूर्णेची रांग येते. मग खाली कोसी नदीचं पांढऱ्या वाळूत फाटे फुटलेलं पात्र दिसलं की डोळे वर करा. एव्हरेस्ट शुभ्र असेल अशी अपेक्षा ठेवू नका. पुढे ल्होत्से-नुप्त्से या शिखरांची भिंत आणि तिच्यामागून डोकावणारा काळपट त्रिकोण, तो एव्हरेस्ट. वारा असला तर माथ्यावरून बर्फाचा धूर उडताना दिसतो. त्याच्या उजवीकडे वेगळा, ऐटीत बसलेला मकालू. मग शेवटी कांचनजंगा, ८,५८६ मीटर, एक शिखर नव्हे तर अख्खं कुटुंब! मला विचाराल तर एव्हरेस्टपेक्षा हीच जास्त भावली. आईने चहा तसाच थंड होऊ दिला.

फोटोसाठी मोबाईल काचेच्या जवळ धरा, टेकवू नका, थरथर येते. प्रतिबिंब टाळायला गडद शाल बरी. कॅमेऱ्याला पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) असेल तर काढून ठेवा, नाहीतर इंद्रधनुष्याचे पट्टे उमटतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा स्वच्छ असते, मार्च-एप्रिलमध्ये धुरकट.

बागडोगरा हा हवाई दलाचा तळ आहे, चाकं टेकायच्या आधीच कॅमेरा बॅगेत टाका. परतताना सीट एफ. आम्ही दुपारचं विमान घेतलं होतं, तोवर ढग चढले होते; आईने पडदा ओढला आणि दिल्लीपर्यंत झोप काढली.