रीफ टँकमधलं केसाळ शेवाळ

रीफ टँक म्हणजे प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी. तिच्यात खडकांवर हिरवे केस, म्हणजे केसाळ शेवाळ, वाढले की आधी पाणी बघा. पुण्यात अनेक घरांत आरओ आहे, पण बऱ्याच यंत्रांतला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर त्यात थोडं नळाचं पाणी परत मिसळतो. रीफला टीडीएस शून्यच हवा. आरओनंतर उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिन लावाच. एप्रिल-मेमध्ये बाष्पीभवन वाढतं, रोज पाणी ओतावं लागतं आणि त्यात विरघळलेलं सगळं टाकीत साचत जातं.

पाणी तपासायच्या किटवर फॉस्फेट (शेवाळाचं खाद्य) शून्य दिसलं तरी भुलू नका, बऱ्याचदा ते शेवाळानंच पिऊन टाकलेलं असतं. सायफन (पाणी बाहेर ओढणारी नळी) चालू ठेवूनच शेवाळ उपटा, नाहीतर तुटलेले धागे टाकीभर पसरतात. आठवड्याला 10 टक्के पाणी बदला, दिवे 8 तास. शेवाळ गेल्यावर फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम राहू द्या. पार शून्यावर नेलंत तर डायनोफ्लॅजेलेट्सना (एकपेशीय सूक्ष्मजीवांना) रान मोकळं: तपकिरी, बुडबुडे धरलेला चिकट थर. तो काढणं शेवाळापेक्षा कितीतरी अवघड.