तीन वर्षं पूर्ण

2019 चा ऑक्टोबर. कझाकस्तानात, करागंडाला माझी इंटर्नशिप चालू होती. आरोग्य तपासणीच्या गाडीबरोबर आम्हाला ओसाकारोवका भागातल्या एका छोट्या गावी नेलं. गावाभोवती कापलेल्या गव्हाची धसकटं, थेट आभाळापर्यंत. मला काम दिलं कार्डं भरायचं: नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, मग रक्तदाब.

दुपारपर्यंत जन्मस्थळाच्या रकान्यानं मला पुरतं गोंधळवलं. कोणी युक्रेनमधलं, कोणी व्होल्गाकाठचं, एक पोरगा मंगोलियातल्या बायान-उल्गीचा, नुकताच आईबापांबरोबर परतलेला कझाक. एवढ्याशा गावात एवढे मुलूख कुठून आले?

गावच्या फेल्डशरबाईंनी चहा ओतता ओतता सांगितलं. (फेल्डशर म्हणजे डॉक्टर आणि नर्स यांच्या मधलं पद, गावाची सगळी भिस्त त्यांच्यावर.) 1931 मध्ये सोव्हिएत सरकारनं रशियातल्या शेतकऱ्यांना 'कुलाक', म्हणजे श्रीमंत शेतकरी, ठरवून इथल्या उघड्या माळावर आणून सोडलं. जमिनीत खड्डे खणून ते राहिले. पहिल्या हिवाळ्यातच कितीतरी गेले. वस्त्यांना नावं नव्हती, नंबर होते. त्याच सुमारास कझाकांची गुरं सरकारनं काढून घेतली. गुरांवर जगणारी माणसं ती, उपासमारीत देशभर सुमारे 15 लाख जीव गेले. मग महायुद्धात, 1941 मध्ये, रशियात पिढ्यानपिढ्या राहिलेले व्होल्गाकाठचे जर्मन, 1944 मध्ये चेचेन, सगळे हद्दपार. 1954 नंतर पडीक माळ नांगरायला आलेली तरुण पोरं तेवढी आपल्या पायांनी आली.

तेवढ्यात एक आजी समोर येऊन बसली. डोक्याला रुमाल, निळे डोळे. जन्मतारीख विचारली.

"फेब्रुवारी 1939," ती म्हणाली. "नीट लिही, बालाम. या तारखेनंच माझी आई नेली."

'बालाम' म्हणजे कझाकीत 'बाळा'. ही बाई तर जर्मन! मी पेन खाली ठेवलं.

ऑगस्ट 1941 मध्ये हद्दपारीचा हुकूम निघाला तेव्हा ती अडीच वर्षांची होती. मालगाडीनं सगळं कुटुंब इथं आलं. वडिलांना मजूर-सेनेत, म्हणजे सक्तीच्या मजुरीवर, नेलं. 1942 च्या ऑक्टोबरात बायकांसाठी हुकूम आला: 16 ते 45 वयाच्या जर्मन बायकांनी कामावर हजर व्हायचं. सूट फक्त गरोदर बायकांना आणि जिचं मूल तीन वर्षांच्या आतलं आहे तिला.

"मला तीन वर्षं आठ महिने झाले होते. आठ महिने उशिरा जन्मले असते, तर त्या वेळी तरी आई राहिली असती."

ऐंशी वर्षांच्या बाईनं हा हिशेब किती वेळा केला असेल! चूक तिची नव्हती, पण ती जन्मभर तो आपल्याच नावावर मांडत आली होती. मला काही बोलायचं सुचलं नाही.

शेजारच्या कझाक बाईनं तिला घरात घेतलं. त्या बाईची स्वतःची दोन मुलं 1932 च्या उपासमारीत गेली होती. ही तिला 'आपा' म्हणायची. तिच्याच गाईच्या दुधावर वाढली, तिचीच भाषा शिकली. 1947 मध्ये आई परत आली, तेव्हा पोर घाबरून आपाच्या घागऱ्यामागे लपली. "आई दारातच बसून राहिली. चिडली नाही. आत यायला तिला खूप वेळ लागला."

कझाकस्तानात 1989 साली साडेनऊ लाखांवर जर्मन होते, दहा वर्षांत साडेतीन लाख उरले. आजीची मुलंही जर्मनीला गेली. तिला न्यायला दोनदा आली होती. "आपाची कबर इथं आहे," एवढंच तिनं सांगितलं. गावातली कितीतरी घरं कुलूपबंद, काहींची छपरंही गेलेली. पण ती दर शुक्रवारी त्या कबरीवर जाते, असं फेल्डशरबाई म्हणाल्या.

रक्तदाब 190 होता. मला जास्त घाबरवणारा.

जन्मस्थळ संगणकात घालायला गेलो, तर तिचं गाव यादीतच नाही. हद्दपारीनंतर व्होल्गाकाठच्या गावांची जर्मन नावं बदलून रशियन केली होती. यादीतलं काहीतरी निवड, पुढे चल, असं मागून कोणीतरी म्हणालं. मी कागदी कार्ड काढलं. तिनं एकेक अक्षर सांगितलं, मी रशियन लिपीत लिहिलं.

तिनं कार्ड डोळ्यांजवळ धरलं, बराच वेळ पाहिलं. एक अक्षर चुकलं होतं. माझ्या हातातलं पेन घेऊन तिनं ते दुरुस्त केलं.